चार पैंची शाळा

सन १८६३ च्या सुमारास, सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर असताना, शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल करून ती रक्कम त्या त्या जिल्ह्यातच खर्च करण्याचा शिरस्ता इलाख्यात सुरू झाला, आणि १८६९ च्या कायद्याने त्याला विधिवत् आधार मिळाला. या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या लोकोपयोगी कामांकडे जात व एक हिस्सा शिक्षणाकडे. म्हणजे बारा पैंच्या आण्यातील चार पै शाळेच्या वाट्याला येत. वर्षाला चोवीस रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याकडून सरकारी साऱ्याबरोबर दीड रुपया लोकल फंड म्हणून वसूल होई, आणि त्यांतले आठ आणे कुठल्या तरी गावच्या मास्तराच्या पगारात, फळ्यात, खडूत किंवा कौलांच्या डागडुजीत मिसळून जात. ते गाव त्याचेच असेल अशी शाश्वती मात्र कोणी दिलेली नव्हती. महाराष्ट्रातील ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या चार पैंचा हिशेब कोणी ठेवावा, आणि त्यांवर चालणारी शाळा कोणी, किती वेळा व कोणत्या दृष्टीने पाहावी, या प्रश्नांचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

शिक्षणाच्या इतिहासग्रंथांत आपल्याला एल्फिन्स्टनचे १८२३ चे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता, नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक अशी मोठी स्थळे भेटतात, आणि ती भेटावीत हे योग्यच आहे. परंतु कोणताही खलिता किंवा कायदा गावच्या शाळेपर्यंत पोहोचतो तो कारकुनाच्या बारनिशीतून, मंजुरीच्या हुकमातून आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यातून. या मधल्या यंत्रणेचे, म्हणजे प्रथम लोकल फंडाच्या कमिट्या, मग लोकल बोर्डे आणि शेवटी जिल्हा स्कूल बोर्डे यांचे, दैनंदिन काम इतके निरस वाटत आले की, त्याकडे अभ्यासकांनी क्वचितच वळून पाहिले. ते काम निरस होते हे मला मान्य नाही.

इंग्रजी अंमलाच्या आधी व त्याच्या आरंभी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या, आणि त्यांवर देखरेख नावाची गोष्ट नव्हती असे म्हणता येणार नाही. मुलगा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणतो की नाही आणि त्याला मोडी खत वाचता येते की नाही, हे बाप घरी पाहत असे, आणि येत नसेल तर पंतोजीच्या शिध्यावर त्याचा परिणाम होत असे. १८२० ते १८३० या दशकात इलाख्यातील देशी शाळांविषयी सरकारने जी माहिती मागविली, ती पुढे रा. वि. परुळेकर यांनी परिश्रमपूर्वक संपादित करून प्रसिद्ध केली आहे. तिच्यावरून या शाळांचा विस्तार लक्षात येतो, आणि त्या विस्ताराची मर्यादाही, कारण त्या शाळांत कुणब्यांची मुले थोडी, मुली जवळजवळ नाहीत, आणि महार-मांगांची मुले मुळीच नाहीत. जो फी किंवा शिधा देई त्याची ती शाळा. १८४० साली मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, जगन्नाथ शंकरशेट त्याच्या एतद्देशीय सभासदांत होते, आणि बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाला शाळा-तपासणीच्या कामावर कोकणात फिरावे लागले. त्या काळी शिक्षणखाते म्हणजे काही मोजकी माणसे, घोड्याची किंवा पडावाची सोय आणि पावसाळ्यापूर्वी आटोपायचा दौरा, एवढेच होते. पुढे बोर्डाने असे धोरण स्वीकारले की, जे गाव मास्तराच्या अर्ध्या पगाराची तजवीज करील, जागा देईल व पुस्तके घेईल, तेथे सरकार उरलेला पगार देऊन शाळा उघडील. सधन कसब्यांना हे जमले. कोरडवाहू मौजांना जमले नाही. लोकल फंडाच्या आण्याने ही अट बदलली, कारण आता गाव वर्गणी जमवो वा न जमवो, आणा प्रत्येकाकडून जाणारच होता. आणि जो देतो त्याला विचारण्याचा हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व कायद्यात कोठेही लिहिलेले नसले तरी लोकांच्या मनात उतरण्यास वेळ लागला नाही.

या हक्काचा सर्वांत स्पष्ट उच्चार महात्मा जोतीराव फुले यांनी केला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे पुण्याहून सादर केलेल्या निवेदनात, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येत असता तिच्या शिक्षणावर मात्र फारच थोडे खर्च होते, हे त्यांनी परखडपणे मांडले. ते निवेदन अनेकदा उद्धृत होते. पण त्यातील तपासणीविषयीचा भाग सहसा कोणी काढीत नाही, आणि मला तर तोच अत्यंत महत्त्वाचा वाटतो. डेप्युटी इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही, शाळा निदान तीन महिन्यांनी एकदा तरी पाहिली गेली पाहिजे, आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता अचानक भेट दिली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. जिल्ह्यातील व गावातील मुलकी अंमलदारांवर या बाबतीत भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यामागे इतर कामांचा एवढा रगाडा असतो की शाळेकडे ते वरवर पाहून जातात, हेही त्यांनी नमूद केले. मास्तराचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा, आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून तयार झालेला असावा, ही त्यांची मागणी या तपासणीच्या मागणीशी एकजीव आहे. स्वतः शाळा काढून चालविलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. आठवड्याचे सहा दिवस एकटाच माणूस चार यत्तांपुढे उभा राहतो तेव्हा काय होते, त्याला पोटापुरता पगार नसेल तर काय होते, आणि त्याच्याकडे वर्षभर कोणी फिरकलेच नाही तर काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानुसार १८८४ साली मुंबईचा लोकल बोर्डांचा कायदा झाला, जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हवाली झाल्या. हवाली झाल्या याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर असे आणि सभासदांतही सरकारनियुक्तांचा मोठा भरणा असे. अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके, परीक्षा व तपासणी ही सारी शिक्षणखात्याच्या हातात होती. बोर्डाने इमारत बांधावी, तक्तपोशी व फळे पुरवावेत, पगाराचा पैसा द्यावा आणि डेप्युटींच्या सांगण्यानुसार ठराव करावेत, अशी ही विभागणी होती. पैसा देणारा एक आणि पाहणारा दुसरा, असा जो दुहेरी अंमल पुढे चाळीस वर्षे चालला, त्यात बोर्डाच्या सभासदाला शाळेविषयी आस्था वाटण्यास फारसे कारण नव्हते. त्याला आस्था असलीच तर ती आपल्या गावच्या रस्त्याविषयी असे.

असे असूनही डेप्युटींच्या वार्षिक परीक्षेचे त्या काळच्या खेड्यात जे स्थान होते, ते दुसऱ्या कोणत्याही सरकारी भेटीला क्वचितच लाभले असेल. हिवाळ्यात दौरा निघे. डेप्युटी घोड्यावर किंवा बैलगाडीतून येत, चावडीत किंवा धर्मशाळेत उतरत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेणाने सारवलेल्या शाळेत, धुतलेले सदरे घालून बसलेल्या मुलांसमोर परीक्षा सुरू होई. प्रथम हजेरीचा कॅटलॉग हातात घेऊन प्रत्यक्ष डोकी मोजली जात, कारण पटावर चाळीस आणि पुढ्यात सतरा हा प्रकार डेप्युटींना अपरिचित नव्हता. मग दाखल-खारजेचे जनरल रजिस्टर, डेडस्टॉकची वही, सादिलवार खर्चाची वही आणि आवक-जावक पाहून दप्तर पुरे होई. नंतर मुलांची पाळी. पाट्यांवर शुद्धलेखन घातले जाई, तोंडी हिशेब विचारले जात, नकाशावर नद्या दाखवाव्या लागत, आणि वरच्या यत्तेतील मुलापुढे एखादे मोडी पत्र टाकून ते भरभर वाचण्यास सांगितले जाई. गावकऱ्यांचे सारे लक्ष या शेवटच्या परीक्षेकडे असे, कारण सावकाराचे खत ज्याला वाचता येईल तो मुलगा शिकला, ही त्यांची कसोटी होती. दुपारी डेप्युटी शेरेबुक मागवीत आणि त्यात चार-दोन पानांचा शेरा लिहून सही करीत. शाळेचे शेरेबुक म्हणजे त्या शाळेचे चरित्र होय. तिसऱ्या यत्तेचे गणित कच्चे आहे, उत्तरेकडील भिंतीला ओल आली आहे, अमुक मुलांच्या जन्मतारखा मांडलेल्या नाहीत, मास्तर मेहनती आहेत परंतु मुलांना मारतात, घड्याळ बंद आहे, असे सारे त्यात एकापाठोपाठ एक येते. आणि वर्षा-दोन वर्षांनी आलेला दुसरा अधिकारी मागील शेऱ्यांची पूर्तता झाली की नाही हे पाहून आपला शेरा खाली लिहितो.

जन्मतारखांचा विषय निघाला म्हणून सांगतो. खेड्यातील बापाला मुलाचा जन्म कोणत्या दुष्काळानंतरचा, कोणत्या जत्रेच्या आधीचा, हे सांगता येई. तारीख सांगता येत नसे. रजिस्टरचा रकाना मात्र कोरा ठेवण्याची सोय नव्हती. मग मास्तर मुलाकडे पाहून, डोक्यावरून हात नेऊन कान पकडता येतो की नाही ते पाहून वर्ष ठरवीत, आणि शाळेच्या नव्या वर्षाशी जुळणारी १ जून ही तारीख मांडून मोकळे होत. महाराष्ट्रात हजारो लोकांचा सरकारी वाढदिवस आजही १ जून आहे, त्यांची पेन्शने त्या तारखेवरून मोजली गेली, आणि त्यांच्या जातीचे व वयाचे दाखले त्याच रजिस्टरातून निघाले. ज्या माणसाचे नाव यापूर्वी सारावसुलीच्या कागदांपलीकडे कोठे आलेच नसते, त्याच्या मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि वय शाळेच्या रजिस्टरात कायमचे नोंदले गेले. बोर्डाच्या कामाचा हा एक परिणाम मला केवढा तरी मोठा वाटतो.

सक्तीचे व मोफत शिक्षण हा विषय एव्हाना पुढे आला होता. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून आरंभ करून १९०६ मध्ये सर्व राज्यात ते लागू केले; कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली त्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात गोखल्यांच्या विधेयकाने सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देऊ केला होता, परंतु १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला आणि १९२३ साली, शिक्षणखाते लोकनियुक्त मंत्र्याकडे म्हणजे डॉ. र. पु. परांजपे यांच्याकडे असताना, मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डाने आपले स्वतंत्र स्कूल बोर्ड नेमावे, शाळांची सर्व व्यवस्था त्याने पाहावी आणि त्याच्या हाताखाली एक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर असावा, असे ठरले. सक्तीच्या मंजूर योजनेचा दोन-तृतीयांश खर्च जिल्हा बोर्डांना सरकारकडून मिळावयाचा होता. त्याच वर्षी लोकल बोर्डांचा नवा कायदाही होऊन मतदारसंघ रुंदावले. आता मराठा, माळी, धनगर, लिंगायत असे शेतकरी वर्गातील सभासद सातारा, पुणे, अहमदनगर, नाशिक अशा जिल्ह्यांच्या बोर्डांत बसू लागले, आणि ज्या वर्गाकडून चार पै जात होत्या त्या वर्गाच्या हाती प्रथमच त्यांचा हिशेब आला.

स्कूल बोर्डाच्या सभेत काय चाले, हे एखादा इतिवृत्तांताचा जुना खर्डा चाळल्याखेरीज कळावयाचे नाही. मागील सभेचे वृत्त कायम करणे. अमुक मौजे येथे एकशिक्षकी शाळा उघडण्याबाबत गावकऱ्यांचा अर्ज. तमुक शाळेची सरासरी हजेरी घटल्यामुळे दुसरा शिक्षक काढून घेण्याबाबत ऑफिसरांची टिप्पणी. भाड्याच्या जागेचे भाडे वाढवून मागणाऱ्या मालकाचा अर्ज. पावसात पडलेल्या पडवीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी बदली माणूस. ट्रेनिंग कॉलेजला पाठवावयाच्या शिक्षकांची यादी. सुगीची सुटी कोणत्या तालुक्यास कधी द्यावी. आणि शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. सुगीच्या सुटीचा विषय दिसतो तेवढा साधा नाही. भाताच्या मावळात कापणी एका महिन्यात, ज्वारीच्या देशात दुसऱ्या महिन्यात आणि बागाइतात तिसऱ्याच वेळी. सुटी चुकीच्या आठवड्यात पडली तर मुले शाळेत यावयाची नाहीत आणि सुटी संपल्यावरही आणखी पंधरा दिवस गैरहजर राहावयाची. दूर कचेरीत बसलेल्या शिक्षणखात्याच्या डायरेक्टराला हे ठरविता आले नसते. जिल्ह्याच्या गावी जमलेल्या, स्वतःच्या शेतावर कापणी कधी आहे हे जाणणाऱ्या सभासदाला ते ठरविता येत होते, आणि स्थानिक देखरेख म्हणून काही चीज असेल तर ती अशा ठिकाणी प्रत्ययाला येते.

बोर्डाच्या कचेरीत पगाराच्या दिवसाची धांदल सर्वांत मोठी. शाळा शेकड्यांनी, शिक्षक त्याहून अधिक, आणि गावे तीस-चाळीस कोसांवर विखुरलेली. पगारपत्रके तालुक्यातील मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांमार्फत गोळा होत, कचेरीत तपासली जात, आणि सरकारी ग्रँटचा हप्ता वेळेवर आला नाही तर बोर्डाला तसलमात काढून किंवा नुसती वाट पाहून महिना ढकलावा लागे. पगार लांबला की मास्तराची उधारी वाण्याकडे चढे, आणि ज्या वाण्याचा मुलगा आपल्या वर्गात आहे त्याच्याशी मास्तराचे नाते बदलून जाई. म्हणून पगार वेळेवर पोहोचविणे हेच स्कूल बोर्डाचे पहिले शैक्षणिक कार्य होते, असे मी समजतो. अध्यापनपद्धतीवरील व्याख्याने त्यानंतरची.

या व्यवस्थेचा मोठा दोष बदल्यांत प्रकट झाला, आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. खेड्यातील मास्तर हा पुष्कळ ठिकाणी गावातला एकमेव भरपूर लिहितावाचता माणूस. अनेक गावी ब्रँच पोस्टही त्याच्याकडे असे. अर्ज तो लिही, नोटीस तो वाचून दाखवी, आणि निवडणूक आली की मतदारांच्या यादीत कोणाचे नाव कोठे आहे हेही तोच सांगे. असा माणूस आपल्या बाजूस असावा किंवा निदान विरुद्ध बाजूस नसावा, असे बोर्डाच्या सभासदाला वाटणे स्वाभाविक होते, आणि नेमणूक, बढती व बदली ही तिन्ही साधने त्याच्या हातात होती. पक्ष बदलला की बदल्यांचे हुकूम निघत. बायको आजारी, मुले लहान, आणि हुकूम घाटापलीकडच्या वाडीचा, अशा स्थितीत सापडलेला शिक्षक सभासदाच्या ओट्यावर जाऊन बसे, आणि एकदा बसला म्हणजे पुढील निवडणुकीत तो कोणाचा, हे ठरून जाई. तपासणीचेही असेच झाले. शिक्षणखात्याचे तपासनीस कमी झाले, बोर्डाचे स्वतःचे सुपरवायझर आले, आणि ज्याची नोकरी बोर्डाच्या मर्जीवर त्याने बोर्डाच्या मर्जीतल्या मास्तराविरुद्ध शेरा कसा लिहावा, ही अडचण उभी राहिली. १९२९ च्या हारटॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळतीवर आणि स्थानिक संस्थांच्या कारभारावर जी कठोर टीका केली, तिच्यात अतिशयोक्ती असेलही. पण पहिलीत बसलेल्या शंभर मुलांपैकी वीसही चौथीपर्यंत टिकत नाहीत, हे त्या समितीने देशभराच्या आकड्यांवरून दाखविले, आणि त्याला उत्तर देणे कोणत्याच बोर्डाला सोपे नव्हते. त्यात मंदी आली, सक्तीच्या नव्या योजनांसाठी सरकारकडे पैसा उरला नाही, आणि १९२३ च्या कायद्याने दिलेले आश्वासन कागदावरच राहिले.

याहून गंभीर आक्षेप अस्पृश्य समाजाकडून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांच्या स्वाधीन करण्याला विरोध केला. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घरून नेऊन वेगळे बसलेल्या विद्यार्थ्याचा हा विरोध होता, आणि त्यामागे अनुभवाबरोबरच हिशेबही होता: बोर्डात जो वर्ग बहुसंख्य, तोच गावात अस्पृश्यांना पाणवठ्यावरून हाकलणारा, त्याच्या हाती शाळा गेली तर तिचा दरवाजा कोणासाठी उघडणार? अस्पृश्यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२८ साली नेमलेल्या व १९३० मध्ये अहवाल दिलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सभासद होते, आणि शाळांतील प्रवेशाचा प्रश्न त्या समितीपुढेही आला. येथे बोर्डाच्या अगदी रुक्ष कामाचा, म्हणजे इमारतींच्या कामाचा, संबंध येतो. पुष्कळ गावांत शाळा देवळात भरत असे. जागा फुकट, सावली भरपूर, गाव खूश. परंतु देवळात भरणाऱ्या शाळेत महाराचा मुलगा पायरीच्या वर येऊ शकत नव्हता, आणि सरकारी परिपत्रकात काहीही लिहिलेले असो, तो बाहेर उन्हात बसूनच धडा ऐके. म्हणून शाळा देवळातून काढून चावडीत, भाड्याच्या घरात किंवा स्वतःच्या इमारतीत नेण्याचा ठराव हा वरवर पाहता जागेचा ठराव असला, तरी वस्तुतः तो समतेचा ठराव होता. आणि जागा मिळत नाही, शिल्लक नाही, पुढील अंदाजपत्रकात पाहू, अशा शेऱ्यांखाली जेथे तो तहकूब राहिला, तेथे काय तहकूब राहिले हे आपण ओळखले पाहिजे. काही बोर्डांनी हे काम निष्ठेने केले, बहुतेकांनी सावकाश केले, आणि पुष्कळ ठिकाणी अस्पृश्यांसाठी वेगळी शाळा काढून प्रश्न टाळला.

१९३७ साली आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर हा सरकारी नोकर केला. १९४७ च्या नव्या कायद्याने शिक्षकांच्या निवडीचे काम अध्यक्ष, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर आणि शिक्षणखात्याचा जिल्ह्याचा अधिकारी अशा त्रिसदस्य समितीकडे गेले, आणि बदल्यांवरील सभासदांची पकड सैल झाली. शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो टाकण्यास त्यांना पुरेपूर कारण होते. तथापि या सुधारणेची एक बाजू मला अस्वस्थ करते. बदल्यांतील पक्षपात थांबविण्यासाठी सभासदांचे हात बांधले, ते योग्यच. पण त्याबरोबर शाळा पाहण्याची त्यांची जबाबदारीही हळूहळू गळून पडली. पूर्वी सभासद आपल्या तालुक्यातील शाळेत अवचित डोकावे. त्यामागे मास्तराला धाकात ठेवण्याचा हेतू असेल, पण शाळेच्या छपराकडेही त्याचे लक्ष जाई. अधिकार गेल्यावर तो डोकावेनासा झाला. फुल्यांनी मागितलेली त्रैमासिक तपासणी आणि अवचित भेट सुपरवायझरला शक्य नव्हती, कारण त्याच्या बीटमध्ये शाळा इतक्या असत की पावसाळ्याचे महिने वजा जाता प्रत्येक शाळेला वर्षातून एक पुरी तपासणी आणि जमल्यास एखादी धावती भेट, याहून अधिक त्याच्या सायकलीला झेपत नसे. ते काम गावातला किंवा शेजारच्या गावातला माणूसच करू शकला असता.

स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा वर्षांत बोर्डांचे काम झपाट्याने वाढले. १९४८-४९ मध्ये औंध, सांगली, कोल्हापूर इत्यादी संस्थाने विलीन झाली, आणि त्यांच्या शाळा व शिक्षक मुंबई राज्याच्या व्यवस्थेत आले. त्यांच्या सेवेची जुनी पुस्तके, निराळ्या पगारश्रेणी व निराळे रजेचे नियम यांचा मेळ घालण्यात कारकुनांची वर्षे गेली. सक्ती खेड्यांपर्यंत नेण्यासाठी गैरहजर मुलांच्या याद्या तयार होऊ लागल्या, पालकांना नोटिसा गेल्या, क्वचित कोर्टात अल्प दंडही झाला. परंतु गुरे राखणाऱ्या मुलाच्या बापाला दंड करून मुलगा शाळेत येत नाही, हे हजेरी-अधिकाऱ्यांना लवकरच उमगले, आणि ते दंडापेक्षा मास्तराच्या घरोघरच्या फेरीवर अधिक विसंबू लागले. जागा व शिक्षक अपुरे म्हणून दुबार पद्धतीने वर्ग भरू लागले. थोड्या पैशात पुष्कळ मुलांना शिकवावयाचे तर पाळ्या कराव्या लागतील, हे परुळेकर कितीतरी वर्षे आकडेवारीनिशी सांगत आले होते. विदर्भात या सुमारास जनपद सभांकडे शाळा होत्या आणि मराठवाड्यात निजामी अंमलातून बाहेर पडलेल्या शाळांत मराठी माध्यम नव्याने रुजत होते. त्या दोन्ही प्रदेशांचा इतिहास वेगळा आहे आणि तो वेगळाच लिहिला पाहिजे.

महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि स्कूल बोर्डांचा कारभार त्यांच्या शिक्षण समित्यांकडे गेला. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरांच्या जागी शिक्षणाधिकारी आले, तपासणीचे काम पंचायत समितीकडील विस्तार अधिकाऱ्यांकडे गेले, आणि शाळेच्या दारावरील पाटीवर लोकल बोर्डाऐवजी जिल्हा परिषदेचे नाव रंगविण्यात आले. म्हातारी माणसे मात्र पुढे कित्येक वर्षे तिला बोर्डाची शाळाच म्हणत राहिली. हस्तांतराच्या वेळी डेडस्टॉकच्या याद्या पुन्हा तपासल्या गेल्या, जनरल रजिस्टरे सह्या करून ताब्यात देण्यात आली, आणि शेरेबुके नव्या मालकाच्या कपाटांत गेली. शंभर वर्षांत कोणत्या गावची शाळा कोणत्या साली देवळातून बाहेर आली, पहिली मुलगी पटावर केव्हा चढली, कोणत्या मास्तराने एकट्याने चार यत्ता किती वर्षे ओढल्या, हे सारे त्या पानांत, निळ्या-काळ्या शाईच्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत, तारीखवार लिहिलेले आहे; आणि एखाद्या तालुक्यातील सर्व शेरेबुके एकत्र जमवून कोणी धीराने वाचील, तर त्या तालुक्याचा सामाजिक इतिहास लिहिण्यास त्याला दुसऱ्या साधनाची फारशी गरज पडणार नाही.